टिंब विसरलेला एक्स लाल दिसला पाहिजे

विकीवरचे मशीनचे प्रोग्राम रंगीत दिसावेत म्हणून सिंटॅक्स हायलायटर (प्रोग्रामच्या वेगवेगळ्या भागांना रंग लावणारं सॉफ्टवेअर) शोधायला बसलं की आधी समोर येतात थीमची चित्रं. काळी पार्श्वभूमी, गुलाबी शब्द, पिवळे आकडे. त्यातली कुठली देखणी, यावर लोक भरभरून बोलतात. वर्कशॉपच्या विकीसाठी मला तो विषयच गैरलागू वाटतो. आम्हाला हायलायटरकडून एकच काम करून घ्यायचं होतं: आकड्यातलं राहून गेलेलं दशांशाचं टिंब ऑपरेटरच्या डोळ्यांत खुपलं पाहिजे. हे काम कोण कमी कटकटीत करून देतं, एवढ्यावरच मी निवड केली.

अंबड एमआयडीसीत काकांचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. सीएनसी लेथ, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या, बहुतेक फॅनक कंट्रोलवाल्या, एक सीमेन्सची. कंट्रोल म्हणजे प्रोग्राम वाचून मशीन चालवणारा कॉम्प्युटर. माझा डिप्लोमा कॉम्प्युटरचा, पण दिवस जातो तो ड्रॉइंग, प्रोग्राम आणि इन्सर्टच्या (टूलच्या टोकाला बसणाऱ्या पात्यांच्या) हिशोबात. पूर्वी प्रोग्राम कुठेही असायचे. काही मशीनच्या मेमरीत, काही पेन ड्राइव्हवर, काही तात्यांच्या वहीत. तात्या म्हणजे आमचे सेटर. एकाच बुशच्या प्रोग्रामच्या तीन ठिकाणी तीन प्रती, आणि त्यातली चालू कोणती ते तात्या सुट्टीवर असले की कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर डोकुविकी हे विकीचं सॉफ्टवेअर टाकलं.

डोकुविकीच का, तर त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान ही साधी टेक्स्ट फाइल. फोल्डर कॉपी केलं की बॅकअप झाला, आणि पानात कुणी काय बदललं तेही मागे जाऊन बघता येतं. दुसरी सोय खास आमच्या कामाची. प्रोग्राम ‘कोड’ किंवा ‘फाइल’ टॅगमध्ये घातला आणि फाइलचं नाव दिलं, की वर डाउनलोडची लिंक येते. ऑपरेटर क्लिक करतो, फाइल पेन ड्राइव्हवर टाकतो आणि मशीनकडे जातो. माउसने ओळी निवडा, कॉपी करा, शेवटची ओळ राहून गेली का बघा, ही भानगड संपली.

आता टिंबाचं प्रकरण. फॅनकवर ‘एक्स२५.’ लिहिलं तर पंचवीस मिलिमीटर. टिंब न देता ‘एक्स२५’ लिहिलं, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये कंट्रोल त्याला पंचवीस मायक्रॉन धरतं, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. टर्निंगमध्ये एक्स म्हणजे व्यास, तेव्हा टूल निघतं थेट जॉबच्या सेंटरकडे. आणि ओळ जी०० ची असेल तर तेही रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात. पुढचं सांगायला नको. इन्सर्ट जातो, होल्डर जातो, नशीब खराब असेल तर टरेटची (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याची) अलाइनमेंट करत बसावं लागतं.

फॅनकमध्ये ३४०१ नंबरचा पॅरामीटर आहे, त्याचा शून्य नंबरचा बिट चालू केला की टिंब नसलेला आकडाही मिलिमीटरच धरला जातो. हे मी काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “अगं, जुने प्रोग्राम कुणी कुणी लिहिलेत, कुठे मायक्रॉन धरून आकडा टाकलाय, कुणाला माहीत आहे का? पॅरामीटरला हात लावायचा नाही.” बरोबर आहे त्यांचं. एका मशीनला एक अर्थ आणि शेजारच्या मशीनला दुसरा, हे तर आणखी वाईट. म्हणजे कागदावर आणि स्क्रीनवरच ते टिंब दिसायला हवं.

डोकुविकीत रंगवायचं काम मुळातच गेशी नावाची, पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतली लायब्ररी करते. २००४ पासूनची, जुनीजाणती. सर्व्हरवरच रंग लावून तयार पान पाठवते, त्यामुळे ब्राउझर कितीही जुना असला तरी चालतं. पण आमच्या प्रतीतल्या भाषांच्या यादीत जी-कोड, म्हणजे सीएनसीचे प्रोग्राम लिहायची भाषा, मला दिसला नाही. नवी भाषा घालायची तर पीएचपीची एक लांबलचक यादी लिहायची आणि ती फाइल डोकुविकीच्या पोटात नेऊन ठेवायची. दर अपडेटला आठवणीने बघायचं आणखी एक काम.

मग डोकुविकीच बदलायचं का, हाही विचार झाला. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर म्हणजे मीडियाविकी, तेही पूर्वी गेशीच वापरायचं. २०१५ मध्ये त्यांनी पिगमेंट्स घेतलं. पिगमेंट्स पायथनमधलं, भाषा ५०० च्या वर, आणि त्यात जी-कोडही आहे. गुणवत्तेत मी त्याला सगळ्यांत वर ठेवीन. नुसते शब्द पकडून ते थांबत नाही, आपण स्ट्रिंगच्या (अवतरणातल्या मजकुराच्या) आत आहोत की कॉमेंटच्या (माणसांसाठी लिहिलेल्या टिपेच्या), हे ध्यानात ठेवत पुढे सरकतं. पण मीडियाविकी पीएचपीत आणि पिगमेंट्स पायथनमध्ये, म्हणून प्रत्येक नव्या तुकड्यासाठी पीएचपीला बाहेरचा प्रोग्राम चालवावा लागतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ती परवानगी बऱ्याचदा बंद असते, आणि मग पान उघडतं पण रंग गायब. आमचा सर्व्हर आमच्याच टेबलाखाली, त्यामुळे ही अडचण आम्हाला आली नसती. आली असती ती वेगळी: स्वतःचा नियम घालायचा तर पायथनमध्ये क्लास लिहायचा, तो पिगमेंट्सला कळवायचा आणि मग मीडियाविकीच्या भाषायादीलाही कळवायचा. टिंबासाठी एवढं? आणि मीडियाविकी म्हटलं की डेटाबेस आलाच.

राहिले ब्राउझरमध्ये रंग लावणारे. हायलाइट-जेएस २००६ पासून आहे आणि त्याची ख्याती म्हणजे भाषा न सांगता तो ती ओळखतो. आम्हाला ही हुशारी नकोच होती. चार ओळींच्या तुकड्यावरून अंदाज बांधायचा म्हटल्यावर तो कधीतरी चुकणारच, आणि आमच्या विकीवर जी-कोडशिवाय दुसरं फारसं काही नाही. भाषा ठरवून देता येते म्हणा, पण तेवढं केल्यावर त्याचं वेगळेपण आमच्यापुरतं उरत नाही.

मी घेतलं प्रिझम. २०१२ मध्ये ली व्हेरू यांनी आणलेलं, गाभा अगदी छोटा, आणि नियम लिहायची पद्धत इतकी सरळ की तात्यांना समोर बसवून समजावता आली. टोकनचं, म्हणजे रंगवायच्या तुकड्याचं नाव आणि त्यापुढे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे तो तुकडा ओळखायचा नमुना, बस. जी-कोड त्यात आधीच आहे, आपला नियम मधेच कुठे घुसवायचा तेही सांगता येतं. तपासणी नियमांच्या क्रमाने होते, म्हणून आमचा नियम कॉमेंटच्या नियमानंतर आणि अक्षरांच्या नियमाआधी ठेवला. फॅनकमध्ये कॉमेंट गोल कंसात असते, आणि ‘एक्स२५ ला बर येतो, फाइल मार’ असली सूचना कंसात लिहिलेली असेल तर ती लाल व्हायचं कारण नाही.

नियम असा: एक्स, झेड, यू, डब्ल्यू, आर, आय, के यांपैकी एक अक्षर, मग असलं तर वजाचं चिन्ह, मग आकडे, आणि त्यापुढे टिंब नको. वाचायला सोपं, पण यात एक खाच आहे. ‘एक्स२५.’ वर हा नियम लावला की आधी तो २५ पर्यंत जातो, पुढे टिंब बघतो आणि नापास होतो. तिथे तो सोडत नाही. एक पाऊल मागे येतो, ‘एक्स२’ एवढंच धरतो आणि बघतो की पुढे टिंब नाही, ५ आहे. म्हणजे पास! आणि बरोबर लिहिलेल्या आकड्याचं अर्धं अंग लाल. म्हणून ‘पुढे टिंब नको’ एवढं पुरत नाही, ‘पुढे टिंबही नको आणि आकडाही नको’ असं लिहावं लागतं. दुसरं म्हणजे शब्दाच्या सीमेवर भरवसा ठेवायचा नाही. आमच्याकडे ‘जी०१एक्स२५.झेड-१२.एफ०.१५’ असं सगळं सलग लिहायची सवय आहे, आणि आकड्याला अक्षर चिकटलेलं असलं की रेग्युलर एक्स्प्रेशनच्या लेखी तिथे सीमा नसतेच.

पी आणि क्यू मुद्दाम वगळले. जी७१ या रफ कटिंगच्या आदेशात ते ओळींचे नंबर असतात, आणि थ्रेडिंगच्या (आटे पाडायच्या) जी७६ मध्ये त्यांना टिंब देऊन चालत नाही. तिथे लाल दाखवलं तर कुणीतरी शहाणपणाने टिंब घालायचा आणि मशीन अलार्म देऊन उभी राहायची.

तात्यांना पहिलं पान दाखवलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, “ताई, शून्याला कशाला लाल केलं? शून्य मायक्रॉन काय अन् शून्य मिलिमीटर काय.” खरंच होतं. ‘झेड०’ तर प्रत्येक फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करताना) येतो. पानावर वीस ठिकाणी फुकटचं लाल दिसलं की एकविसाव्या, खऱ्या लालकडे कोण बघणार? नुसता शून्य वगळायचं कलम घातलं आणि पानं शांत झाली.

बसवणं सोपं गेलं. डोकुविकी प्रत्येक तुकड्याच्या चौकटीला भाषेचं नाव क्लास म्हणून लावतं, मग गेशीला ती भाषा येत असो वा नसो. कॉन्फ फोल्डरमधल्या युजरस्क्रिप्ट फाइलमध्ये प्रिझम, जी-कोडची व्याख्या आणि आमचा नियम असं सगळं एकाखाली एक चिकटवलं, खाली त्या क्लासच्या चौकटी शोधून प्रिझमच्या हवाली करणाऱ्या दोन-तीन ओळी. रंग त्याच फोल्डरमधल्या युजरस्टाइल फाइलमध्ये. अपडेटमध्ये या फाइलींना धक्का लागत नाही. बदल केल्यावर जुनंच दिसत राहिलं तर लोकल डॉट पीएचपी फाइलची तारीख बदलायची, म्हणजे डोकुविकी आपली कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) टाकून देतं. सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काही अडत नाही. शॉप फ्लोअरवरच्या पीसीवर अजून विंडोज ७ आहे, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. प्रिझमने तिथेही कुरकुर केली नाही.

ओळींचे नंबर हवेत का, यावर आमच्यात थोडी खेचाखेच झाली. काकांना हवे होते, फोनवर “चौदावी ओळ बघ” म्हणता येतं. प्रिझमच्या प्लगइनमध्ये हे नंबर सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमधून येतात, मजकुरात नसतात. म्हणजे कुणी घाईत डाउनलोडऐवजी कॉपी केलंच, तरी नंबर प्रोग्राममध्ये घुसत नाहीत. तसे घुसणारे हायलायटर असतात, आणि जी-कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीला भलताच आकडा म्हणजे विषाची परीक्षा.

प्रिंटचं मात्र कुठल्याच हायलायटरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. आमच्याकडे प्रोग्रामची प्रिंट मशीनच्या दाराला मॅग्नेटने लावतात. प्रिंटर काळा-पांढरा. लाल अक्षर कागदावर येतं ते राखाडी, म्हणजे उलट फिकटच. लाल पार्श्वभूमी दिली तर ब्राउझर प्रिंट करताना ती बहुधा गाळतो. म्हणून त्या टोकनला ठळक अक्षर, खाली जाड रेघ आणि भोवती चौकट दिली. कागदावरून तेलकट बोट फिरलं तरी चौकट दिसते.

सीमेन्सच्या मशीनसाठी वेगळी भाषा करावी लागली. त्या कंट्रोलवर टिंब नसलेला एक्स२५ म्हणजे सरळ पंचवीस मिलिमीटर, आणि कॉमेंट अर्धविरामानंतर. तिथे हा नियम लावला तर सगळा प्रोग्राम लाल. आता टॅगमध्ये ‘फॅनक’ किंवा ‘सीमेन्स’ असं लिहावंच लागतं, नुसतं ‘जी-कोड’ लिहिलं तर रंग येत नाहीत. मला तो याचा फायदाच वाटतो. कुठल्या मशीनचा प्रोग्राम आहे हे लिहिल्याशिवाय पान पुरं होत नाही.

मॅक्रो प्रोग्राम, म्हणजे व्हेरिएबल आणि गणित वापरणारे, राहिलेत. तिथे फॅनक स्वतःच आपला नियम फिरवतं: व्हेरिएबल १०१ मध्ये टिंब न देता २५ भरलं तर ते पंचवीसच धरलं जातं, मायक्रॉन नाही. आमचा नियम अक्षराला लागून आकडा असेल तरच बघतो, त्यामुळे तिथे खोटं लाल येत नाही, पण चौकोनी कंसातल्या गणितात काही चुकलं असेल तर तेही दिसत नाही. ते प्रोग्राम तात्या अजून सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), फीडच्या म्हणजे टूलच्या वेगाच्या नॉबवर हात ठेवूनच चालवतात.