मुलगी असताना दुभाषा कशाला?

‘मुलगी दोन्ही भाषा फाडफाड बोलते, मग बाहेरचा दुभाषा कशाला?’ स्थलांतरित कुटुंबांचं समुपदेशन करते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. कधी आईवडील विचारतात, कधी खर्च बघणारी संस्था. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आई सांगत असते, रात्री झोप लागत नाही, छातीवर दडपण येतं, कधीकधी जगणं नकोसं होतं. शेजारी बसलेली शाळकरी मुलगी जराशी थांबते आणि मला म्हणते, ‘आईला झोप कमी लागते.’ ती खोटं बोलत नाही, आईला सांभाळून घेते. पण मला जे कळायलाच हवं होतं तेच गळलं, आणि तिने जे ऐकायला नको होतं ते तिने ऐकलं. शाळेची तक्रारही वडिलांपर्यंत तिच्याच तोंडून जाते. किती जात असेल, तुम्हीच ठरवा!

परक्या देशात मुलं भाषा पटकन उचलतात. मग घरमालक, सरकारी पत्रं, दवाखाना, सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं. त्यांना त्याचा अभिमानही असतो, आणि बसची वेळ विचारायला ती खुशाल पुढे होवोत. पण घरात कुणाचा शब्द चालायचा यावरूनच जिथे रोज खटके उडतात, तिथे स्वतःचं दुखणंही आईबापांनी लेकीकरवी सांगायचं?

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत (२०१३) संस्कृतीचं भान ठेवून घ्यायची १६ प्रश्नांची मुलाखत आहे. त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, जवळच्या माणसांना काय वाटतं, असे प्रश्न त्यात येतात. उत्तरात नवरा येऊ शकतो, सासू येऊ शकते, दुभाषा म्हणून बसलेली ती मुलगीसुद्धा. मग ते तिच्याच तोंडून कसं यायचं?

दुभाषा आणला की सगळं सुरळीत, असंही नाही. समाज छोटा असला की तो ओळखीचा निघतो आणि आई गप्प बसते. तिथे दुसऱ्या शहरातला, फोनवरचा बरा. मी बोलताना आईकडे बघते, त्याच्याकडे नाही. तोही ‘त्या म्हणतात’ न लावता ‘मला झोप येत नाही’ असंच सांगतो. वेळ जवळपास दुप्पट लागतो. हे संस्थेच्या गळी उतरवणं कुटुंबापेक्षा अवघड.

जिवावरचा प्रसंग असेल तर दुभाषा मिळेपर्यंत मुलीकडूनच जुजबी विचारून घेते, इलाज नसतो. एरवी वडील ‘बाहेरचा माणूस नको’ म्हणून अडले, तर पहिली भेट गुप्तता कशी पाळतात हे सांगण्यातच घालवते. तरीही नाहीच म्हणाले, तर त्यांच्या विश्वासातलं कुणी मोठं माणूस चालेल का, विचारते. मूल मात्र नाही.