डॉक्टर नाही ओ मी! (एका प्रेस नोटची गोष्ट)

२०२१ च्या पुरानंतर आमच्या जिल्ह्यातल्या सायकॉलॉजिस्ट लोकांच्या छोट्याशा संघटनेने मला प्रसिद्धीप्रमुख केलं. का, तर माझं मराठी बरं आहे आणि चिपळुणात राहूनही घर चढावर असल्याने आमच्याकडे पाणी शिरलं नव्हतं, म्हणजे मी मोकळी! काम एकच होतं, १० सप्टेंबरच्या आत्महत्या प्रतिबंध दिनाची प्रेस नोट. म्हटलं एका संध्याकाळी उरकेल. अडीच आठवडे गेले.

वाशिष्ठी नदीचं पाणी २२ जुलैला बाजारपेठेत शिरलं होतं, दुकानंच्या दुकानं चिखलात गेलेली, त्यानंतर जरा सर लागली की माणसं रात्री उठून पाणी कुठवर आलंय ते बघायची. बोलायचं होतं ह्या लोकांशी, आणि माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये काय, तर 'आघातोत्तर तणाव विकृती'. अध्यक्षबाईंनी फोनवर वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, विकृती म्हटल्यावर कोण पायरी चढेल आपली?" मग लिहिलं, पाऊस वाढला की छातीत धडधडतं, झोप लागत नाही, परत माल भरायचं नाव काढलं की नको वाटतं, असं होत असेल तर एकट्याने सोसू नका, बोला. हे चार शब्द सुचायला दोन दिवस लागले. कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं ना.

पुढे व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच जणांची मंजुरी. एकाला सगळ्यांची नावं क्लिनिकच्या नंबरासकट हवी होती, म्हणजे प्रेस नोट कसली, जाहिरातच. तीन दिवस ह्यावर वाद, शेवटी नंबर फक्त सरकारी हेल्पलाइनचा ठेवला. नोटसोबत मी प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचनाही जोडल्या: आत्महत्येच्या बातमीत पद्धत लिहू नका, जागेचं वर्णन करू नका, भडक हेडिंग नको, बातमी ठळक जागी नको. एका पेपरवाल्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, मग बातमीत उरलं काय?" रागावले नाही मी, त्यांचा प्रश्न खराच होता. म्हटलं मदत कुठे मिळते ते उरलं, तेच छापा.

खरी परीक्षा पुढेच होती. एका वार्ताहराचा फोन, जवळच्याच गावात आत्महत्येची एक घटना झालेली, "त्यामागे मानसिक कारण काय असेल, दोन ओळी द्या." त्या माणसाला मी कधी भेटले नाही, घरच्यांना ओळखत नाही, काय सांगू? अमेरिकेत १९६४ साली एका मासिकाने सायकियाट्रिस्ट लोकांना पत्रं पाठवून गोल्डवॉटर हे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मानसिकदृष्ट्या फिट आहेत का विचारलं होतं, आणि त्यांना न तपासताच हजारावर जणांनी अनफिट म्हणून टाकलं. त्यातूनच पुढे १९७३ मध्ये तिथल्या सायकियाट्रिस्टांच्या संघटनेने न तपासलेल्या माणसाबद्दल जाहीर निदान करायचं नाही असा नियम केला. नियम तिकडचा, आणि तोही सायकियाट्रिस्टांचा, पण मला त्या दिवशी तोच आठवला. नाही म्हटलं. मग ते म्हणाले बरं, पूरग्रस्तांसाठी तुमचं शिबीर झालं, त्यातल्या एखाद्याचा फोटो तरी द्या. तोही नाही. मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे मानसिक उपचारांच्या रुग्णालयासारख्या जागी, उपचार घेणाऱ्याचा फोटो संमतीशिवाय मीडियाला देऊ नये असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ सांगतं, आमचं शिबीर शाळेच्या वर्गात होतं, तिथे कलम लागतं का ह्याचा कीस पाडत बसण्यापेक्षा न दिलेलं बरं.

त्यात त्या वर्षी १० सप्टेंबरलाच गणेश चतुर्थी! पेपरात चाकरमानी, हायवेचे खड्डे आणि मखरं. आमची नोट चार दिवसांनी आतल्या पानावर आली, छान आली, फक्त माझ्या नावाआधी 'मनोविकारतज्ज्ञ डॉ.' लावलं होतं. मी एमए. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहितो, आम्ही लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गोवळकोटवरून एक आजोबा आले, हातात पेपर, "झोपेची गोळी द्या, कडू चालेल." त्यांना दीड तास बोलतं केलं, गोळीसाठी डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, आणि संध्याकाळी पेपरला खुलासा पाठवला. खुलासा पाठवायलाही परत पाच जणांची मंजुरी, हो! ग्रुपवर एकाने लिहिलं, जाऊ दे ना, डॉक्टर छापलं तर भावच वाढतो. अध्यक्षबाईंनी एवढंच लिहिलं, "आजच पाठव."

खुलासा आला, बोटभर, टेंडर नोटिशीखाली.

त्या नोटचं कात्रण अजून बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात काऊंटरच्या काचेखाली आहे, पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर जिथे आहे त्याच्या बरंच खाली. नंबर तेव्हाचा, किरण हेल्पलाइनचा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारचीच नवी हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६, तर परवा गेले तेव्हा काच उचलायला लावली आणि पेनाने तो नंबर लिहिला. दुकानदार म्हणाला, "तो 'डॉ.' पण खोडा मग." खोडला.