म्यूस्कादे: कमी बोलणारी वाइन

वाइनचे जाणकार ग्लास नाकाशी नेऊन बोलू लागले की मला जरा धास्तीच वाटते. आधी सुकं जर्दाळू येतं, मग मध, मग जुनं कातडं, आणि गाडी थेट पावसात भिजलेल्या दगडापर्यंत जाते. या मंडळींची पंचाईत करणारी एक फ्रेंच पांढरी वाइन आहे, म्यूस्कादे. ग्लास कितीही फिरवा, ती फारसं काही सांगत नाही. थोडं लिंबू, थोडं हिरवं सफरचंद, जिभेच्या कडेला किंचित खारटपणा. संपलं. मला ती आवडते ती याचसाठी.

फ्रान्सच्या पश्चिमेला लोआर नदी अटलांटिकला मिळते, त्याच्या जरा अलीकडे नाँत शहर. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या लहान नद्यांच्या आसपास तिच्या द्राक्षबागा आहेत. द्राक्षाचं नाव मेलाँ द बूर्गोन्य. हे मूळचं पूर्वेकडच्या बूर्गोन्यचं, आणि शार्दोनेचं सख्खं भावंड: दोघांचे आईबाप एकच. शार्दोने जगभर गाजलं, हे मात्र इथे समुद्राकाठी येऊन राहिलं. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला स्वस्त, बिनचवीची पांढरी वाइन हवी होती, म्हणून इथे पांढऱ्या द्राक्षांची लागवड वाढली. मग १७०९ चा हिवाळा आला. फ्रान्समध्ये पिंपांतली वाइन गोठली, वेली मेल्या. मेलाँला थंडी सोसते, त्यामुळे नव्या लागवडीत तेच पुढे आलं. म्हणजे निवड चवीपेक्षा चिवटपणावर झाली. एरवी सरकारी नोकरीत होते तशी.

खरी गंमत मात्र साक्याची. द्राक्षरस आंबला की यीस्टचं काम संपतं, ते मरून तळाशी बसतं. पुष्कळ ठिकाणी वाइन लवकरच त्यावरून काढून घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच साक्यावर ठेवतात, बऱ्याचदा जमिनीत पुरलेल्या टाक्यांत, आणि नंतर थेट बाटलीत भरतात. अशा बाटलीवर ‘सूर ली’ असं लिहिलेलं असतं. घ्यायची तर तीच बघून घ्यावी. साक्यामुळे तिला थोडं अंग येतं, ताज्या पावाच्या कणकेसारखा हलका वास येतो आणि जिभेवर बारीकशी चुणचुण राहते.

मध्यंतरी नाव खालीही आलं. मागणी होती तेव्हा पातळ, आंबटढाण माल भरपूर निघाला, आणि म्यूस्कादे म्हणजे स्वस्तातली असा शिक्का बसला. २०११ मध्ये क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या गावांना स्वतःच्या नावाने वाइन विकायची मान्यता मिळाली. यांच्या वाइन साक्यावर दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त राहतात. चांगल्या असतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण मला त्यात कधी कधी साध्या घरातल्या मुलाने सूट घातल्याचा भास होतो.

जेवणात तिची जागा ठरलेली: कच्ची कालवं, राईचा पाव आणि खारं लोणी. कालवावर लिंबू पिळायचं काम वाइनच करते. शिंपल्यांच्या भांड्यात शॅलटचे बारीक कांदे आणि पार्स्ली घालून तीच ओततात. आपल्या तिरफळ घातलेल्या बांगड्यापुढे मात्र तिचं पाणी होतं. तिथे सोलकढीच बरी.

नाँतच्या बाजूचा एक सॉस मात्र नुसता तिच्यासाठी शिकावा: बर ब्लाँ. शॅलट बारीक चिरून म्यूस्कादे आणि व्हिनेगरमध्ये जवळजवळ कोरडे होईपर्यंत आटवायचे, मग मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक घालत घोटत राहायचं. लोआरमधल्या पाइक माशावर हा सॉस ओततात. आच जरा वाढली की लोणी फुटतं. तसं झालं तर भांडं खाली उतरवून चमचाभर थंड पाणी घालायचं आणि जोरात घोटायचं. जमलं तर जमलं, नाहीतर मासा नुसत्या लोण्यावरही चांगला लागतो.