व्हर्सायची ऑरेंजरी: एप्रिलमध्ये मुळीच जाऊ नका

आधी निकाल सांगून टाकतो. पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात संत्र्याची झाडं पाहायची असतील तर मेचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, एवढ्याच काळात जा. झाडं बाहेर असतात ती तेवढेच महिने. बाकी वर्षभर ती 'ऑरेंजरी' म्हणतात त्या दगडी दालनात बंद, आणि ते दालन एरवी आपल्यासारख्यांना उघडत नाही.

हे मला स्टेशनबाहेर तिकिटं विकणाऱ्याने सांगितलं नाही. "राजवाडा, बाग, ऑरेंजरी, सगळं आलं यात," म्हणत त्याने मूळ दरापेक्षा बरेच जास्त युरो उकळले, वर "रांगसुद्धा टळेल" अशी मखलाशी. कसली टळते! सुरक्षा तपासणीची रांग राव-रंक सगळ्यांना एकच आहे. तिकीट राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, वेळ ठरवूनच घ्या, आणि वाटेत कोणी हात केला तर मान खाली घालून पुढे चला.

एप्रिल सगळ्यात वाईट का, तर कारंज्यांचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात फुकट असलेल्या बागेलाही बहुतेक दिवशी तिकीट लागतं, आणि झाडं मात्र अजून आतच. म्हणजे पैसे भरून रिकामं अंगण बघायचं. जानेवारीत गेलात तरी झाडं दिसणार नाहीत, पण निदान फसवणूक फुकटात होईल.

राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं की ऑरेंजरीचं अंगण दिसतं. मधोमध गोल तलाव, भोवती वेलबुट्टीसारखी कापलेली हिरवळ, आणि जिथे कुंड्या हव्यात तिथे नुसती खडी. मुख्य इमारत दिसतच नाही, कारण तुम्ही तिच्याच डोक्यावर उभे असता. दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे प्रचंड जिने आहेत, त्यांना 'शंभर पायऱ्या' म्हणतात. मी गेलो तेव्हा फाटकाला कुलूप. पहारेकऱ्याने खांदे उडवले, विषय संपला.

मग ऑरेंजरी खालून, समोरून बघायची म्हणून सुरू झाला तो टप्पा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. परत वर, दर्शनी चौकातल्या ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून बाहेर, राजवाड्याला वळसा घालून दक्षिणेच्या रस्त्याने उतार, आणि खाली गाड्या सुसाट धावणारा मोठा रस्ता. अंतर फार नाही, पण आधीच राजवाड्यातल्या आरसेमहालातल्या (भिंतभर आरशांच्या लांब दालनातल्या) गर्दीत पाय तुटलेले, वरून बोचरा वारा, सावली-आडोसा काही नाही. पातळ तळाचे बूट घालून येऊ नका. बागेतून बाहेर पडण्याआधी त्याच तिकिटावर परत आत घेतात का, हे फाटकावर विचारून घ्या.

पण खाली पोहोचलो आणि सगळा राग उतरला. रस्त्याकाठच्या जाळीच्या फाटकातून ऑरेंजरी समोरून दिसते, आणि पाठीमागे स्विस सैनिकांनी खोदलेला भलामोठा तलाव. या जागेला एक पैसा पडत नाही! वास्तुविशारद ज्युल आर्दुएँ-मांसारने १६८४ ते १६८६ मध्ये ही इमारत उभारली, आधीची लहान ऑरेंजरी पाडून. मधलं दालन १५० मीटरहून लांब, कमान सुमारे १३ मीटर उंच, आणि बाजूची दोन दालनं थेट त्या जिन्यांच्या पोटात. शेगडी नाही, भट्टी नाही. तोंड दक्षिणेला, भिंती चार-पाच मीटर जाड, खिडक्यांना दुहेरी काचा, एवढ्यावर आतलं तापमान गोठणबिंदूच्या वर राहतं. मी नागपूरकडचा. संत्र्याला थंडी बाधते म्हणून कोणी एवढं घर बांधावं, हे पचायला वेळ लागला.

त्यात फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईची हौस म्हणजे जप्तीची. त्याचा अर्थमंत्री फूके याने व्हो-ल-व्हिकोंत या आपल्या वाड्यात राजापेक्षा देखणी बाग केली, १६६१ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याची हजारावर संत्र्याची झाडं व्हर्सायला आली. आरसेमहालातही झाडं चांदीच्या कुंड्यांत मांडायचे. आता चौकोनी लाकडी पेट्या असतात, त्यांच्या बाजूच्या फळ्या निघतात, म्हणजे झाड न उपटता माती बदलता येते. आज दीडेक हजार झाडं आहेत: संत्री, लिंबं, डाळिंबं, कण्हेर, ताड. काही दोनशे वर्षांपलीकडची. संत्र्यांत कडू जातीची बरीच, सोलून खायचा विचार सोडा.

व्हर्सायच्याच आवारातले ट्रियानॉनचे दोन्ही महाल पाहिले, छान आहेत, वेळ असेल तर जा.

पॅरिसमधल्या ट्युलरी बागेतलं ऑरेंजरी संग्रहालय वेगळं, हेही सांगून ठेवतो. १८५२ ची ती इमारत संत्र्यांसाठीच बांधली होती, पण आता आत चित्रकार मोनेची कमळांची चित्रं आहेत, १९२७ पासून. झाडं शोधायला तिथे जाऊ नका, चित्रांसाठी जरूर जा. ते मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी.

गाडी आरईआर सी (पॅरिसची उपनगरी रेल्वे), आणि पाटीवर 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' वाचूनच चढा. त्याच मार्गावरच्या काही गाड्या शांतिए स्टेशनला नेतात, तिथून चालणं जवळजवळ दुप्पट. उतरल्यावर राजवाड्याकडे धावू नका. सकाळी ताज्या पायांनी आधी खालच्या तलावाकडून ऑरेंजरी बघा, मग वर चढा. माझ्यासारखं उलट केलंत तर संध्याकाळी गुडघे बोलतील.