आपल्याच माणसांवर का लिहिता?

"समोरचे आपल्या माणसाला पाठीशी घालतात, आणि तुम्ही मात्र आपल्याच माणसाची लक्तरं वेशीवर टांगता. मग तुम्ही कसले कॉन्झर्व्हेटिव्ह?" अमेरिकेच्या राजकारणावर मी बरीच वर्षं लिहितो. तिथल्या उजव्या बाजूची, म्हणजे साधारण रिपब्लिकन पक्षाच्या गोटातली, बहुतेक मतं मला पटतात आणि ते मी कधी लपवलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारणारे बहुधा माझ्याच मताचे असतात. परवा तुम्हीही विचारलंत आणि सोबत एक क्लिप पाठवलीत. आजवर दोन ओळींत उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

आधी शब्दाबद्दल. आपली वर्तमानपत्रं कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला 'पुराणमतवादी' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हा कुणीतरी जुन्याला कवटाळून बसलेला. मूळ शब्दात 'जपणं' आहे. न्यायालय, विधिमंडळ, वर्तमानपत्र, कुटुंब या गोष्टी उभ्या राहायला पिढ्या लागतात आणि मोडायला एखादं वर्षही पुरतं, म्हणून त्यांना हात लावताना जपून लावावा, एवढंच या विचाराचं म्हणणं. आणि ही सगळी घरं ज्या पायावर उभी आहेत तो पाया म्हणजे लोकांचा विश्वास. तोही मागच्यांनी मिळवून ठेवलेला असतो. आपण त्याचे फक्त राखणदार.

अमेरिकेत हा विश्वास १९५८ पासून मोजला जातो आहे. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं वाटतं का, असा साधा प्रश्न. तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश लोक हो म्हणाले होते. व्हिएतनामचं युद्ध झालं, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं वॉटरगेट प्रकरण झालं, आणि १९७४ संपताना हा आकडा एक तृतीयांशाच्या आसपास आला होता. अलीकडच्या वर्षांत पाचातला एकजण हो म्हणतो, कधी कधी तेवढाही नाही. सरकार कुठल्याही पक्षाचं असो. हा आकडा पाहून डाव्यांना काय वाटतं ते त्यांचं त्यांनी सांगावं, पण जपण्याची भाषा करणाऱ्या माणसाची झोप यानं उडायला हवी.

आता मला हे सगळं वाचायची ओढ कशामुळे लागली ते सांगतो, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. ८ सप्टेंबर २००४. सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स'मध्ये वृत्तनिवेदक डॅन रादर यांनी काही कागद दाखवले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश तरुणपणी नॅशनल गार्ड या राखीव दलात असताना त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं १९७२-७३ मध्ये टाइप केलेल्या टिपणांच्या या प्रती, असं सांगण्यात आलं. बुश यांनी सेवेत कुचराई केली, असा त्यांचा मथितार्थ. निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. कार्यक्रम संपून काही तास होतात न होतात तोच उजव्या बाजूच्या एका संकेतस्थळावर कुणीतरी लिहिलं, की टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, मग या कागदांवर ती कमीजास्त कशी? नेहमीच्या टाइपरायटरचा 'आय' आणि 'एम' सारखीच जागा अडवतात. इथे 'आय' चिंचोळा होता आणि 'एम' ऐसपैस. एका ब्लॉगरनं तर त्यातलं एक टिपण मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कुठलीही सेटिंग न बदलता टाइप केलं आणि दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून दाखवल्या.

मीही ते करून पाहिलं. रात्री उशिरा वर्ड उघडलं, टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, आणि मजकूर शब्दाला शब्द टाइप करत गेलो. ओळ कागदावर जिथे मोडली होती तिथेच माझ्यासमोर मोडली. पुढचीही. आकड्यामागचा 'टीएच' मी न सांगताच लहान होऊन वर जाऊन बसला. कुणा तज्ज्ञावर विश्वास ठेवायची गरजच उरली नव्हती, माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. २० सप्टेंबरला सीबीएसनं हे कागद अस्सल असल्याची खात्री देता येत नाही असं कबूल करून माफी मागितली. चौकशी समितीनं ते बनावट असल्याचा अंतिम निर्वाळा दिला नाही हे खरं, पण खातरजमा न करता कार्यक्रम घाईनं दाखवला यावर बोट ठेवलं. पुढच्या मार्चमध्ये रादर बातम्यांच्या खुर्चीवरून उठले.

त्या पंधरा दिवसांत मला जे वाटलं ते अजून आठवतं. मोठ्या वृत्तसंस्थेला चार सामान्य माणसांनी, केवळ बारकाईनं पाहून, उत्तर द्यायला भाग पाडलं होतं. इंटरनेटवरची उजवी बाजू मला आवडली ती तिच्या या डोळ्यासाठी. कागद समोर आला की आधी उलटून पाहायचा.

माझं सगळं दुःख या डोळ्याचं आहे. तो समोरच्याच्या कागदावर जसा चालतो तसा आपल्या कागदावर चालत नाही.

१९९८ घ्या. १७ जानेवारीला मॅट ड्रज यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकलं, की राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे व्हाइट हाउसमधल्या एका तरुण इंटर्नशी संबंध होते आणि 'न्यूजवीक'नं ही बातमी दाबून ठेवली आहे. बातमी खरी निघाली. क्लिंटन यांनी आधी साफ नाकारलं आणि १७ ऑगस्टला कबूल केलं. शपथेवर खोटं बोलणं हा मुद्दा मी तेव्हाही गंभीर मानत होतो, आजही मानतो. पण त्या वर्षीच्या आपल्या बाजूकडे पाहा. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंगरिच. त्या काळात आपलेही विवाहबाह्य संबंध होते हे त्यांनी २००७ मध्ये स्वतःच सांगितलं. त्यांच्या जागी बॉब लिव्हिंगस्टन येणार होते. त्यांचंही प्रकरण बाहेर आलं आणि १९ डिसेंबरला, क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचं मतदान झालं त्याच दिवशी, सभागृहात उभं राहून त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. तिसरे आले डेनिस हॅस्टर्ट. कुस्तीचे जुने प्रशिक्षक, साधे, निष्कलंक, म्हणूनच निवडलेले. २०१६ मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. प्रशिक्षक असताना मुलांवर केलेले अत्याचार झाकायला ते पैसे देत होते आणि त्यासाठी बँकेतून रकमा काढताना त्यांनी कायदा मोडला होता. न्यायाधीशांनी भर न्यायालयात त्यांना मुलांवर वारंवार अत्याचार करणारा म्हटलं.

हे मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लिव्हिंगस्टन यांच्याबद्दल मनात थोडा आदर वाटला. चूक केली होती, पण जे माप दुसऱ्याला लावायला निघाले तेच स्वतःला लावून ते घरी गेले. आज तसं कुणी वागलं तर आपल्याच लोकांच्या कॉमेंट्स काय असतील याची मला कल्पना आहे. 'लढायचं सोडून पळाला.'

तुमचा राग मला कळत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'नं डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी दिली. ट्विटरनं तिची लिंकच बंद केली आणि वर्तमानपत्राचं खातं जवळपास दोन आठवडे गोठवलं. ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढलं, की यावर रशियाच्या हातखंड्याचे सगळे ठसे दिसतात. पुरावा आपल्याकडे नाही हेही त्याच पत्रात होतं, पण ते वाक्य मथळ्यात कोण घेणार? ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी पुढे लिंक अडवणं चुकीचं होतं असं मान्य केलं. २०२४ मध्ये तोच लॅपटॉप सरकारी वकिलांनी न्यायालयात पुरावा म्हणून ठेवला. ज्या लोकांनी खातरजमेचा ठेका घेतला होता त्यांनीच निवडणुकीच्या तोंडावर दार लावून घेतलं, ही जखम खरी आहे. ती भरलेली नाही, आणि भरावी म्हणून फार कुणी काही केलंही नाही.

पण जखम झाली म्हणून डोळे मिटायचे का? आपण नेमकं तेच केलं. सगळे खोटंच बोलतात असं एकदा ठरलं, की मग आपल्याला आवडेल ते खोटं निवडायला मोकळीक मिळते. २०१६ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झा रेस्टॉरंटच्या तळघरात मुलांना डांबून ठेवलं आहे, ही कथा आपल्या गोटात हातोहात फिरली. पुरावा कसला, तर समोरच्या पक्षाच्या गोटातून चोरलेल्या ईमेलमधल्या जेवणाच्या शब्दांना लावलेले भलते अर्थ. ४ डिसेंबरला एक तरुण रायफल घेऊन दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत तिथे पोचला. मुलांना सोडवायला. त्यानं गोळ्या झाडल्या, एक बंद दार उघडलं, आत सामानसुमान. त्या इमारतीला तळघरच नव्हतं. सुदैवानं कुणी जखमी झालं नाही. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मला राहून राहून तो तरुण आठवतो. फिरवणाऱ्या हजारोंपैकी त्यानं एकट्यानं ते खरं मानलं होतं, आणि मोल त्यानंच मोजलं.

२०२० च्या निवडणुकीनंतर मतमोजणीच्या यंत्रांनी मतं फिरवली असं उजव्या बाजूच्या फॉक्स न्यूज वाहिनीवर जे बोललं गेलं, त्याचा हिशेब २०२३ मध्ये चुकता झाला. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर. त्या खटल्यात वाहिनीतल्या लोकांचे आपापसातले मेसेज उघड झाले. पडद्यावर ज्या दाव्यांना जागा दिली जात होती, त्यांना ते खासगीत वेडगळ म्हणत होते. म्हणजे फसवणूक झाली ती आपल्या प्रेक्षकांची, तुमची नि माझी. समोरच्यांनी तर त्या वाहिनीवर कधी विश्वास टाकलाच नव्हता.

आणि मी? मीही केलंय. काही वर्षांपूर्वी समोरच्या पक्षाच्या एका महिला नेत्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता, तिच्या तोंडी घातलेल्या एका संतापजनक वाक्यासकट. ते वाक्य ती बोललीच नव्हती. मला ते कळलं तिसऱ्या दिवशी. तोवर तो मजकूर माझ्या नावानं कुठल्या कुठे गेला होता. मी खाली लिहिलं, 'हे खोटं आहे, मी न तपासता टाकलं, माफ करा.' पहिल्या पोस्टला चाळीसेक प्रतिक्रिया होत्या. माफीला दोन, त्यातली एक, 'बोलली नसेल, पण मनात तेच असणार.' ते वाचून मला लाज वाटली, कारण पोस्ट टाकताना माझ्याही मनात नेमकं तेच होतं. वर्डमध्ये ओळ न्‌ ओळ जुळवून पाहणारा माणूस मीच होतो. समोरच्यांनी असाच फोटो माझ्या नेत्याचा टाकला असता तर मी पहाटेपर्यंत मूळ शोधत बसलो असतो.

तुम्ही म्हणता, आपल्याच माणसाबद्दल बोललं की बाजू कमजोर होते. १९७४ मध्येही हेच म्हणत होते. मार्च महिन्यात सिनेटर जेम्स बकली यांनी वॉटरगेटमध्ये अडकलेल्या निक्सन यांना राजीनामा देण्याचं आवाहन केलं. हे बकली न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले, म्हणजे कुणी मवाळ मधला माणूस नव्हे. त्यांच्यावर आपल्याच लोकांनी तोंडसुख घेतलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयानं निक्सन यांच्या संभाषणांच्या टेप द्यायला लावल्या, ८ विरुद्ध ०. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले. ५ ऑगस्टला ती निर्णायक टेप बाहेर आली. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तिघे रिपब्लिकन नेते निक्सन यांना जाऊन भेटले आणि सिनेटमध्ये त्यांच्या पाठीशी किती थोडी मतं उरली आहेत ते त्यांनी तोंडावर सांगितलं. गोल्डवॉटर म्हणजे त्या काळच्या प्रत्येक कॉन्झर्व्हेटिव्ह तरुणाचं दैवत. दुसऱ्या रात्री निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला.

त्यानंतर पक्षाला फटका बसला, हे मी नाकारत नाही. त्या नोव्हेंबरात रिपब्लिकन सपाटून हरले. १९७६ मध्ये बकलीही आपली जागा गमावून बसले. पण १९८० मध्ये रोनाल्ड रेगन ४४ राज्यं जिंकून आले. गोल्डवॉटर गप्प बसले असते तर हे झालं नसतं, असं सिद्ध करता येणार नाही. मला एवढं मात्र दिसतं, की त्या तिघांमुळे हा पक्ष पुन्हा लोकांसमोर उभा राहून कायद्याच्या राज्याबद्दल बोलू शकला.

म्हणून मी आपल्या माणसांवर लिहितो, आणि आधी त्यांच्यावर लिहितो. त्यांचं बोलणं मला कळतं, त्यांच्या सबबी मला पाठ आहेत, त्या मी स्वतः वापरल्या आहेत. समोरच्यांच्या भानगडी शोधायला माणसं भरपूर आहेत.

राहिली तुम्ही पाठवलेली क्लिप. ती मी अजून पुढे पाठवलेली नाही, रागावू नका. चाळीस सेकंदांची आहे आणि ज्या सुनावणीतली म्हणून फिरते आहे ती पाच तासांची आहे. संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅनवर ती अख्खी सापडली. काल रात्री जेवण झाल्यावर बसलो, आज सकाळी पुन्हा बसलो. तीन तास वीस मिनिटं झाली आहेत. ते वाक्य अजून आलेलं नाही.