परळची चाळ सापडेपर्यंत

दर सहा डिसेंबरला आम्ही नागपूरहून दादरला येतो, रांगेत उभे राहतो, चैत्यभूमीवर डोकं टेकवतो आणि रात्रीची गाडी पकडतो. आमची मुंबई एवढीच. यंदा मार्चमध्ये दोन दिवस मोकळे मिळाले, तेव्हा ठरवलं, बाबासाहेब राहिले ती चाळ बघायचीच.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'बीआयटी चाळ' म्हणालो, ही माझी चूक. त्याने मुंबई सेंट्रलला सोडलं. तिथे पायरीवर बसलेले आजोबा हसले. "कुठली बीआयटी? माझगावात आहे, आग्रीपाड्यात आहे." 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, निघाला आणि त्याने शहरभर चाळी उभ्या केल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच! "बाबासाहेबांची ना? परळ, पोयबावाडी, एक नंबर."

दुसरा मजला, खोल्या 50 आणि 51. गॅलरीत दोरीवर ओले टॉवेल, शेजारून लसणाच्या फोडणीचा वास. 1912 ते 1934 बाबासाहेबांचा मुक्काम इथे. बॅरिस्टर होऊन आले तरी इथेच. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले, तेव्हाही घरचा पत्ता हाच. आमच्या घरातल्या फोटोत ते कायम सुटाबुटात. ह्या गॅलरीतून रोज ये-जा करणारे बाबासाहेब मी कधी डोळ्यांपुढे आणलेच नव्हते. फोटो काढायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. लोकांचा संसार आहे तो.

दुसऱ्या दिवशी वरळी कोळीवाडा. जाळं सांधत बसलेल्या एका काकांनी समुद्रातल्या कोस्टल रोडकडे बोट दाखवलं. दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवणार होते. भरतीच्या पाण्यात होडी आपटेल म्हणून कोळी अडून बसले, तेव्हा कुठे 120 मीटर झालं. "आम्ही आधीपासून इथे, आणि वाट आम्हीच मागायची," एवढं बोलून त्यांनी सुतळी दातांनी तोडली.

पलीकडून एक मावशी ओरडल्या, "म्हावरा घेनार का नुसता फोटू?" सुके बोंबील घेतले.

कोळ्यांच्या मुंबादेवीचं जुनं देऊळ बोरीबंदरजवळच होतं. आता ती भुलेश्वरला. तिच्या त्या जुन्या जागेच्या आसपासच कुठेतरी मी नागपूरच्या गाडीत चढलो. कल्याण यायच्या आत समोरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकी उघडली.