प्युरिफायर घेण्याआधी गादीकडे बघा

घरात दमा किंवा ॲलर्जीचं माणूस असलं की पहिला प्रश्न ठरलेला: एअर प्युरिफायर कुठला घ्यावा? त्याआधी दुसरंच विचारायला हवं. त्रास नेमका कशाने होतोय, आणि ती गोष्ट हवेत किती वेळ राहते? पहिल्याचं उत्तर स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर हलकं टोचून बघायची चाचणी) किंवा रक्तातल्या स्पेसिफिक आयजीईच्या (त्या-त्या ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाच्या) तपासणीतून मिळतं. नुसत्या अंदाजावर अख्खं घर उलटंपालटं करू नये.

धुळीच्या ॲलर्जीत बऱ्याचदा खरी गुन्हेगार धूळ नसते, तिच्यातले माइट असतात. जेमतेम ०.३ मिलिमीटरचा हा जीव आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी हवेतूनच शोषून घेतो. कोंडा, ऊब, घामाची ओल हे सगळं एकत्र मिळतं ते गादीत. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. ही विष्ठेची गोळी साधारण १० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हवेत तरंगायला जडच. चादर झटकली की उडते आणि बहुतांश अर्ध्या तासात खाली बसते. कोपऱ्यातल्या यंत्रापर्यंत ती फारशी पोचतच नाही. नाक मात्र रात्रभर उशीत असतं.

मांजराच्या ॲलर्जनचं, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या प्रथिनाचं, वेगळं. त्याचा बराच भाग ५ मायक्रॉनहून बारीक कणांवर असतो, तासन्‌तास तरंगतो, भिंतींना आणि कपड्यांना चिकटतो. मांजर दुसरीकडे दिलं तरी काही महिने मागे उरतो. तिथे प्युरिफायरला खरंच काम आहे.

तर माइटसाठी सुरुवात पलंगापासून. गादी आणि उशी दोन्हींना सगळ्या बाजूंनी बंद होणारं, चेनचं कव्हर घाला. कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत. नुसतं वरून ताणून बसवायचं कव्हर यासाठी बिनकामाचं. चेनच्या टोकाशी फट राहते, तिच्यावर कापडी चिकटपट्टी लावा. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवायचे. थंड पाण्याने ॲलर्जन बरंचसं निघून जातं, पण माइट जिवंत राहतात. गरम पाणी न चालणारी मऊ खेळणी पिशवीत बांधून किमान २४ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग धुवा. मेलेल्या माइटचाही त्रास होतोच. उन्हात टाकल्याने गादी कोरडी होते हे खरं, पण जाड गादीच्या पोटापर्यंत ऊन जात नाही. आणि नुसती कव्हरं आणून थांबू नका. दम्यासाठीच्या २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही कव्हरं एकटी नाही, इतर उपायांच्या जोडीनेच वापरायला सांगतात.

त्या इतर उपायांत आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे आर्द्रता. ती सतत ५० टक्क्यांखाली राहिली तर माइट सुकून मरतात. मोजायला साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, फक्त तो आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून पाणी झालं तर जास्त पडलं. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत ८ ते १० तास ठेवा. आकडा ७५ दिसायला हवा. ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक वेळी ५ मिळवायचे. आता हा मीटर खोलीच्या मध्यभागी नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ठेवून पाहा. भिंत थंड असली की तिथली हवा जास्त दमट होते. बुरशी आधी तिथेच धरते. कपाट १० सेंटिमीटर पुढे ओढणं हा फुकटातला चांगला उपाय आहे.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी येणार असं धरून चाला. गळती न काढता वरून रंग मारला की पापुद्रे सुटतात आणि बुरशी परत डोकावते. डाग साधारण एक चौरस मीटरपर्यंत असेल तर साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करता येतो, मास्क लावून, आणि दम्याच्या माणसाने नव्हे. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियावालं क्लीनर कधीच मिसळू नका. निघणारा वायू धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो.

ज्वलनाचा धूर वेगळ्या जातीचा. त्याची ॲलर्जी नसते, तो श्वासनलिका थेट चिडवतो. गॅसच्या शेगडीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि प्युरिफायरमधला हेपा फिल्टर कण गाळतो, वायू अडवत नाही. त्यावर इलाज म्हणजे हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट. स्वयंपाक संपल्यावरही १५-२० मिनिटं चालू ठेवावा. हवा गाळून परत खोलीतच सोडणारी चिमणी इथे कमी पडते. सिगारेट, डासांची कॉइल, सुगंधी मेणबत्ती बंदच. रूम फ्रेशनरने हवा शुद्ध होत नाही, तिच्यात आणखी रसायनं मिसळतात, एवढंच.

केर काढताना कोरडा झाडू नको, ओलं फडकं घ्या. रुग्णाने तेव्हा आणि नंतर अर्धा तास खोलीबाहेर थांबावं.

एवढं करून प्युरिफायर घ्यायचाच असेल तर सीएडीआर, म्हणजे यंत्र मिनिटाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा. छत आठ फुटांचं असेल तर क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांश: १२० चौरस फुटांच्या खोलीला ८० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तासाला पाच वेळा हवा गाळली जाते. मेख अशी की हा आकडा सर्वाधिक वेगाचा असतो, आणि रात्री आवाज नको म्हणून यंत्र मंद चालतं. म्हणून एक आकार मोठं घ्या. ओझोन सोडणारं यंत्र, मग त्याला आयोनायझर म्हणा की आणखी काही, दम्याच्या घरात नको.

फरक पडतोय का हे पीक फ्लो मीटरवर, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर, कळतं. बदल करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर काही आठवडे, सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. त्या काळात रोजचा इन्हेलर मनाने कमी करू नका. तो कमी करायचा की नाही, हे डॉक्टर ती वही बघून ठरवतील.